बालकांच्या दंडावरून आलेली लस

पन्नाशी केव्हाच ओलांडलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर एकदोन गोल, किंचित खोलगट वण दिसतात. ती ‘देवी काढल्याची’ खूण. आजच्या मुलांना तिचा अर्थ सांगावा लागतो, याहून मोठे सुदैव ते कोणते! ज्या रोगाने गावेच्या गावे रिकामी केली, ज्याच्या भयाने लोक त्याचे नाव न घेता त्याला देवीचेच रूप देत आले, तो रोग मानवजातीतून संपूर्णपणे नाहीसा झाला आहे. असे भाग्य मानवाच्या दुसऱ्या कोणत्याही रोगाच्या बाबतीत अद्याप लाभलेले नाही.

देवी हा विषाणूजन्य रोग. रोग्याच्या श्वासावाटे व खोकल्यावाटे उडणाऱ्या तुषारांतून तो जवळच्या माणसास लागे. रोग्याच्या अंथरुणापांघरुणातूनही लागे. संसर्गानंतर साधारणपणे दहा ते चौदा दिवस काहीच दिसत नसे. मग एकाएकी सणसणून ताप, पाठदुखी, प्रचंड थकवा. आणि दोनतीन दिवसांनी तोंडात, चेहऱ्यावर व हातापायांवर पुरळ. कांजिण्यांचे फोड छातीपोटावर अधिक येतात व निरनिराळ्या अवस्थांत असतात. देवीचे फोड मात्र चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, सर्व एकाच वेळी पिकणारे, खोल रुतलेले. शंभर रोग्यांपैकी सुमारे तीस दगावत. वाचलेल्यांना विद्रूप चेहरा आणि कित्येकांना अंधत्व. औषध नव्हतेच.

इंग्लंडमधील डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी 14 मे 1796 रोजी एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. गाईच्या सडांवर येणाऱ्या सौम्य रोगाचा तो द्रव होता. पुढे फिप्सला मुद्दाम देवीचा द्रव टोचूनही देवी आल्या नाहीत. ही कथा शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेली आहे. तिचा पुढील भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि आम्हांला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न होता लस दूरदेशी पोहोचविण्याचा. त्या काळी बर्फपेटी नव्हती. दोऱ्यावर किंवा काचेवर वाळविलेला द्रव उष्ण हवेत लवकरच निकामी होई. लस खात्रीने जिवंत राहणार ती माणसाच्या देहातच. एकाच्या दंडावर फोड उठावा, आठदहा दिवसांनी तो पिकला की त्यातील द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचावा, मग तिसऱ्याच्या. अशी साखळी अखंड राहिली पाहिजे. ज्याला पूर्वी देवी आल्या आहेत किंवा लस टोचली आहे, त्याच्या अंगी ती धरत नसे. मोठ्या माणसांपैकी पुष्कळांना देवी येऊन गेलेल्या असत. तेव्हा उरली ती मुले.

व्हिएन्नातील डॉ. जाँ द कारो यांच्याकडून निघालेली लस कॉन्स्टॅन्टिनोपल, बगदाद व बसरा असा प्रवास करून मुंबईस पोहोचली. 14 जून 1802 रोजी डॉ. हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली ती ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडात टोचण्यात आली, आणि धरली. हिंदुस्थानात लस घेणारी ती पहिली व्यक्ती. त्या चिमुकल्या दंडावरील एका फोडातून मुंबईतील आणखी पाच मुलांना लस मिळाली. तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन अशी पसरली. तो फोड फुकट गेला असता, तर पुन्हा बसऱ्याकडे हात पसरावा लागला असता!

पुढच्याच वर्षी, 30 नोव्हेंबर 1803 रोजी, स्पेनमधील ला कोरुन्या बंदरातून ‘मारिआ पिता’ हे जहाज अमेरिकेकडे निघाले. राजा चौथा चार्ल्स याच्या आज्ञेने डॉ. फ्रान्सिस्को हावियेर दे बाल्मिस यांनी आखलेली ही लसमोहीम. जहाजावर 22 मुलगे होते, तीन ते नऊ वर्षांचे, अनाथालयातील. एका वेळी दोघांना टोचायचे, कारण एकाचा फोड खाजवून फुटला तर दुसरा हाताशी असावा. मुलांनी एकमेकांना स्पर्श करू नये, झोपेत फोड घासू नये, यासाठी रात्रंदिवस पहारा. हे काम इसाबेल सेंदाल या अनाथालयाच्या व्यवस्थापक बाईंनी केले. त्यांचा स्वतःचा मुलगाही त्या मुलांत होता. मुलांचे पालनपोषण व शिक्षण राजाच्या खर्चाने होईल असे वचन होते. मेक्सिकोत त्यांना ज्या आश्रमात ठेवले तेथील व्यवस्थेबद्दल खुद्द बाल्मिस यांनाच तक्रार करावी लागली. क्यूबात तर मुले मिळेनात म्हणून त्यांनी तीन गुलाम मुली विकत घेतल्या. 1805 साली मेक्सिकोतील 26 मुलांना घेऊन मोहीम मनिलास गेली. सेंदालबाई त्या सफरीवरही होत्या. नंतर त्या मेक्सिकोतील पुएब्ला येथे राहिल्या आणि स्पेनला परतल्या नाहीत.

या मोहिमेने असंख्य जीव वाचले, हे निर्विवाद. पण ज्यांच्या बाजूने ‘नाही’ म्हणणारे आईबाप नव्हते, त्यांच्याच दंडांची निवड झाली, हेही तितकेच खरे. एक गोष्ट दुसरीला पुसून टाकीत नाही, असे आमचे मत आहे. बाल्मिस यांचा गौरव करणाऱ्या लेखणीने त्या तीन मुलींची किंमतही नोंदवावी.

या पद्धतीत धोकाही होता. 1861 साली इटलीतील रिव्हाल्टा येथे दंडावरून दंडावर लस नेताना उपदंशाचा रोग कित्येक बालकांना जडला. पुढे वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली आणि मुलांची साखळी संपली.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. देवीचा विषाणू माणसाखेरीज कोणत्याही प्राण्यात वस्ती करीत नाही. म्हणून रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचली, की त्याला जाण्यास वाट उरत नाही. 1966 च्या अखेरीस नायजेरियात डॉ. विल्यम फेगी यांनी मिशनऱ्यांच्या रेडिओसंचांवरून गावोगावच्या रोग्यांचा ठाव घेतला, तेव्हा या युक्तीचे बळ ध्यानी आले. 1974 साली भारतात, विशेषतः बिहारात, देवीची भयंकर साथ आली. आरोग्यसेवक रोग्याचे चित्र असलेले पत्रक घेऊन घरोघर फिरले. 24 मे 1975 रोजी आसामातील करीमगंज येथे सायबान बीबी या स्त्रीस आलेल्या देवी या देशातील शेवटच्या ठरल्या. जग देवीमुक्त झाल्याची घोषणा 8 मे 1980 रोजी झाली.

निसर्गतः देवी झालेला जगातील शेवटचा रुग्ण सोमालियातील मेर्का गावचा अली माओ मालिन. तो रुग्णालयात स्वयंपाकी होता. ऑक्टोबर 1977 मध्ये देवी आलेल्या दोन मुलांना घेऊन गाडी निघाली होती; चालकास वाट दाखविण्यासाठी तो काही मिनिटे तीत बसला, एवढेच. टोचणीच्या भीतीने त्याने लस चुकविली होती. तो बरा झाला. पुढे तो पोलिओच्या मोहिमेत स्वयंसेवक झाला, आणि कचरणाऱ्या आईबापांना स्वतःचीच हकीकत सांगू लागला. 2013 साली हिवतापाने त्याचे निधन झाले; तेव्हाही तो पोलिओच्या कामावरच होता.