मलबारी सागाची उमर

आमच्या उर्दू शाळेत सातवीच्या एका मुलाने विचारले, "सर, लाकडी जहाज किती वर्षे जगते?" मला ‘त्रिंकोमाली’ आठवली. श्रीलंकेतल्या बंदराचे नाव मिळालेली ही ब्रिटिश युद्धनौका मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारी सागातून घडली. तिचे नकाशे घेऊन येणारे ‘जावा’ जहाज १८१२ साली अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकले, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली.

तोवर नेपोलियनची युद्धे संपली होती. ज्या लढाईसाठी तिला बनवले, तीच उरली नव्हती! इंग्लंडला पोचल्यावर १८४५ पर्यंत ती राखीव ताफ्यात पडून राहिली. ओकची अनेक जहाजे अशा पडून राहण्यातच कुजली. ओकमधले आम्ल लोखंडी खिळेही खाते. सागातले तेल मात्र लाकूड आणि खिळे दोन्ही जपते. पुढे वेस्ट इंडिज आणि पॅसिफिकच्या दोन मोठ्या नेमणुका, त्याही १८५७ मध्ये संपल्या.

मग ती प्रशिक्षणाची नौका झाली. १८९७ मध्ये भंगारात गेली होती, पण व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी ती विकत घेतली आणि नाव बदलून तिच्यावर मुलांना शिकवू लागले. हे १९८६ पर्यंत चालले. म्हणजे लढाईपेक्षा शाळेचीच नोकरी तिने जास्त केली. मास्तराला याचे कौतुक वाटणारच!

२००१ पर्यंत तिची दुरुस्ती झाली. मूळचे बरेच लाकूड अंगावर घेऊन ती इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये तरंगते आहे. मी फळ्यावर १८१७ लिहिले आणि वजाबाकी मुलांवर सोडली.