हिरवा खुळखुळा : ब्राझीलच्या काशिरोलाची गोष्ट

क्रीडास्पर्धांचा इतिहास बहुधा मैदानावरच्या माणसांचा इतिहास असतो. धावा, गोल, पदके यांच्या नोंदी राहतात. प्रेक्षकांच्या हातात काय होते, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. झेंडे, पिपाण्या, पेले, टोप्या या वस्तू लाखांच्या संख्येने घडवल्या जातात, दोन-तीन तास वापरल्या जातात आणि केरात जातात. गेल्या काही दशकांत यजमान देश ‘पर्यावरणस्नेही’ स्पर्धांचे संकल्प सोडू लागले, तेव्हा या क्षुल्लक वस्तूंकडेही आयोजकांचे लक्ष गेले. त्या प्रयत्नांच्या इतिहासात एक फसलेला प्रयोग अनेक यशस्वी प्रयोगांपेक्षा अधिक बोलका आहे : २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ब्राझीलमध्ये घडवलेला खुळखुळा, काशिरोला.

त्याची पार्श्वभूमी दक्षिण आफ्रिकेत आहे. २०१० च्या विश्वचषकात व्हुव्हुझेला या प्लास्टिकच्या लांब पिपाणीने जगभरच्या दूरचित्रवाणी-प्रेक्षकांचे कान किटवले होते. तरीही त्या पिपाणीने स्पर्धेला स्वतःचा असा आवाज दिला, हे कोणी नाकारले नाही. पुढचा यजमान ब्राझील. तोही आपला आवाज शोधू लागला. साल्वादोर या शहरातले प्रसिद्ध संगीतकार कार्लिन्योस ब्राऊन यांनी त्यासाठी काशिशी या जुन्या वाद्याचा आधार घेतला. काशिशी म्हणजे वेताची किंवा गवताची विणलेली छोटी बंद टोपली. तिचा तळ वाळलेल्या भोपळ्याच्या तुकड्याचा आणि पोटात बिया. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या परंपरेतून आलेल्या कापोएरा या युद्धनृत्यात बेरिंबाऊ नावाचे एकतारी वाद्य वाजते; त्याची तार छेडणाऱ्याच्या हातातच ही टोपलीही खुळखुळत असते.

ब्राऊन यांनी या टोपलीचे रूप मुठीत मावेल अशा प्लास्टिकच्या खुळखुळ्यात उतरवले. आवाज व्हुव्हुझेलापेक्षा पुष्कळच सौम्य. आणि प्लास्टिकही साधे नव्हे, ‘हिरवे’. ब्राझीलमधल्या ब्रास्केम या कंपनीने २०१० मध्ये त्रियुंफो येथे उसाच्या इथेनॉलपासून पॉलिएथिलीन बनवण्याचा मोठा कारखाना सुरू केला होता. इथेनॉलमधले पाणी काढून एथिलीन मिळवायचे आणि त्याच्या साखळ्या जोडायच्या, अशी ही प्रक्रिया. ऊस वाढताना हवेतला कर्बवायू शोषून घेतो, हे या प्लास्टिकचे खरे पुण्य. मात्र तयार झालेला पदार्थ रासायनिकदृष्ट्या खनिज तेलापासूनच्या पॉलिएथिलीनसारखाच असतो. तो पुन्हा वितळवून वापरता येतो. मातीत कुजत नाही. हिरवेपण त्याच्या जन्मात आहे, मरणात नाही. हा भेद जाहिरातीत सहसा येत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षा दिल्मा रुसेफ यांनी जाहीर समारंभात काशिरोला वाजवून दाखवला. त्याच महिन्याच्या अखेरीस साल्वादोरच्या नव्याने बांधलेल्या फोंते नोव्हा मैदानावर बाहिया आणि व्हितोरिया या स्थानिक प्रतिस्पर्ध्यांचा सामना होता. प्रेक्षकांना खुळखुळे वाटण्यात आले. बाहियाचा संघ हरू लागला, तसे त्याच्या संतप्त पाठीराख्यांनी ते मैदानावर भिरकावले. हिरवळीवर खुळखुळ्यांचा सडा पडला आणि खेळ थांबवावा लागला. महिन्याभरातच सुरक्षेच्या कारणावरून कॉन्फेडरेशन्स चषकाच्या मैदानांत काशिरोला नेण्यास मनाई झाली. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकातही त्याला प्रवेश मिळाला नाही.

या घटनेचा सोपा अर्थ ‘प्रेक्षक बेशिस्त होते’ असा लावता येईल. तो अपुरा आहे. या वस्तूच्या निर्मितीत कच्च्या मालाचा विचार झाला, आवाजाचा झाला, राष्ट्रीय प्रतिमेचाही झाला. ज्याच्या हाती ती जाणार, त्या माणसाचा मात्र झाला नाही. हरणाऱ्या संघाचा पाठीराखा फुकट मिळालेल्या, मुठीत बसणाऱ्या टणक वस्तूचे काय करेल? सामना संपल्यावर ती कुठे जाईल? शिवाय एक विरोधाभास असा की, मूळची काशिशी गवत, भोपळा आणि बिया यांचीच बनलेली. मातीतून आलेली आणि मातीत जाणारी वस्तू आधीच अस्तित्वात होती. हिरवेपणाच्या नावाखाली तिची प्लास्टिकची प्रतिकृती काढली गेली. ज्या हस्तकौशल्याचा गौरव करायचा, तेच साच्यातून वगळले गेले.

याच ईशान्य ब्राझीलमध्ये, रेसिफे येथे, १४ जून २०१४ रोजी जपान आयव्हरी कोस्टकडून १-२ असा हरला. जपानी प्रेक्षकांनी प्रोत्साहनासाठी निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. सामना चालू असताना त्या फुगवून हलवल्या जात होत्या. पराभवानंतर त्याच पिशव्यांत त्यांनी आपल्या भागातला कचरा गोळा केला. पिशवी साधीच होती. तिच्या प्लास्टिकला उसाची पुण्याई नव्हती, तिला कोणा कलावंताचे नाव नव्हते. पण सामन्यानंतर तिचे काय करायचे, हे ती हातात घेणाऱ्याला आधीच ठाऊक होते. शाळेचा वर्ग विद्यार्थ्यांनीच झाडायचा, या जपानी वळणाचा तो परिणाम. ते वळण कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

म्हणून प्रेक्षकांसाठी टिकाऊ वस्तू घडवताना पहिला प्रश्न ‘कशाची बनवायची’ हा नसावा. सामना हरल्यावरही ती माणसाच्या हातात का राहील, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. काशिरोलाच्या निर्मात्यांना त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नव्हती. कापोएराच्या वर्तुळात बसलेला वादक आपली काशिशी फेकत नाही. उद्याही तिला वाजायचे असते.