ज्ञानदानाची परंपरा आणि शाळा निवडण्याचा हक्क

आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांना जैन परंपरेत मोठे स्थान आहे. त्यांतील शास्त्रदानाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी वसतिगृहाचे रूप घेतले. त्या काळी माध्यमिक शाळा प्रायः मोठ्या गावीच असत. खेड्यातील शेतकऱ्याने वा किरकोळ दुकानदाराने मुलाला शिकविण्याचे मनावर घेतले, तरी परगावी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय नसे. शाळा होती, परंतु ती निवडण्याचे सामर्थ्य कुटुंबाजवळ नव्हते.

समाजधुरीणांनी ही अडचण ओळखली. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. १९०१ मध्ये कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले; राजर्षी शाहू महाराजांचा त्यास आश्रय लाभला. मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी वडिलांच्या नावे बोर्डिंग उघडले, तर त्यांच्या कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रमाद्वारे विधवा भगिनींना शिक्षणाचा मार्ग दाखविला.

याच कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. समाजाने मोठ्या कष्टाने उघडलेले दार किती अरुंद होते, हे त्या घटनेने दाखविले. पुढे भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत, स्वतः श्रम करीत आणि शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडले. जैन कुळातील या दांपत्याचे दान जैनेतरांच्याही घरी पोहोचले, हीच त्याची थोरवी होय.

आज गावोगावी शाळा आहेत. अडचण शुल्काची आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांसाठी राखल्या. २०१४ च्या जानेवारीत जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाबाबत शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचविले. न्यायालयाचा निवाडा काहीही होवो. कायद्याने दिलेली सूट हे पुण्य नव्हे. दान म्हणजे सक्ती नसताना दिलेले.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थांनी आपल्या शाळेतील काही जागा, परगावच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहातील काही खोल्या आणि निधीचा ठरावीक अंश गरजू कुटुंबांसाठी स्वेच्छेने राखून ठेवावा. हमालाच्या वा शेतमजुराच्या मुलीलाही आपल्या पसंतीच्या शाळेत पाऊल टाकता आले, तर पूर्वजांचे शास्त्रदान खऱ्या अर्थाने पुढे चालले, असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!