नागोठणे

नागोठणे : महाराष्ट्राच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील रोहा तालुक्यातले, अंबा नदीकाठचे जुने बंदर व बाजारपेठेचे गाव. खोपोलीच्या दक्षिणेस सह्याद्रीत उगम पावून जांभूळपाडा व पाली यांच्या परिसरातून वाहत आलेली अंबा ज्या ठिकाणी भरतीच्या पाण्याला भेटते व पुढे खाडीचे रूप घेऊन धरमतरकडे जाते, त्याच ठिकाणी हे गाव वसले असल्यामुळे, गलबतांतून चढलेला माल आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल यांची अदलाबदल येथे दीर्घकाळ होत राहिली; नागोठण्याचा इतिहास आणि त्याची संमिश्र वस्ती या एका गोष्टीवाचून उलगडत नाही.

सोळाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख गुजरातच्या सुलतानांच्या अंमलाखाली होता. १५२९ मध्ये एक्तोर द सिल्व्हेरा हा पोर्तुगीज सरदार आरमारासह या नदीत शिरला, काठची सहा गावे त्याने जाळली, आणि तो गलबतांकडे परतत असता पायदळ व पाचशे स्वार घेऊन वाट अडवू पाहणाऱ्या नागोठण्याच्या ठाणेदाराचाही त्याने मोड केला. पुढे हा प्रदेश अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला. देशावरून चौल बंदराकडे जाणारी वाट येथून जात असे, आणि तिच्यासाठी चौलच्या काजी अलाउद्दीनाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधल्याचे सांगतात तो कमानींचा दगडी पूल ही नागोठण्याची सर्वांत बोलकी वास्तू होय. पूल अरुंद आहे; दोन लादलेली जनावरे एकमेकांना चुकवून जाताना हमालांची तारांबळ उडत असली पाहिजे. गडकोटांच्या या जिल्ह्यात पुलाकडे अभ्यासकांचे लक्ष कमीच गेले, हे काही ठीक झाले नाही.

१६३६ नंतर आदिलशाही आणि मग शिवाजी महाराजांचे स्वराज्य असा अंमल पालटला. १६७३ च्या सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात येऊन पेण व नागोठण्याच्या खाड्यांत शिरले आणि त्याने काठचा मुलूख उजाड केला. मुंबईकर इंग्रजांची धान्याची गरज याच किनाऱ्यावर भागत असल्यामुळे या लुटीची दखल त्यांच्या कागदपत्रांत आढळते. रयतेच्या हालांविषयीची कळकळ हे काही तिचे कारण नव्हे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर नागोठणे कंपनी सरकारच्या ताब्यात आले. १८६९ मध्ये स्वतंत्र कुलाबा जिल्हा झाला, तेव्हा ते पेण तालुक्याचा पेटा म्हणून महालकऱ्याच्या दप्तराखाली होते. रोह्याशी जोडणी नंतरची. महाबळेश्वरास हवापालटासाठी निघालेला मुंबईचा साहेब होडीने नागोठण्यापर्यंत येई आणि तेथून पालखीत बसून महाड, पोलादपूर व पार घाट या मार्गाने वर चढे.

खाडीकाठच्या भागात आगरी व कोळी, डोंगराच्या अंगास कुणबी, ठाकर व कातकरी, आणि कसब्यात ब्राह्मण, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, मराठे, गुजराती व मारवाडी व्यापारी आणि कोकणी मुसलमान, अशी येथील लोकवस्तीची साधारण मांडणी आहे. आगऱ्यांचे जुने कसब मिठागराचे व खारभूमीचे. भरतीचे पाणी बांधाने अडवून आणि उघाडीतून ओहोटीच्या वेळी आतले पाणी सोडून देऊन खाजणाचे भातखाचर करायचे, तर एका कुटुंबाचे बळ पुरत नाही. म्हणून अशा शिलोत्री जमिनींत बांधाच्या डागडुजीची जबाबदारी शिलोत्रदारावर आणि श्रमाची कुळांवर, अशी वहिवाट पडली. बांधाला एक खांड पडले की खारे पाणी आत येते आणि पुढची काही वर्षे त्या शेतात धड भात होत नाही. कुणब्याची रीत निराळी : तो फाल्गुन-चैत्रात कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या पसरून राब भाजतो, आवणीनंतर भात काढतो, आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतो. याच वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंबून, मडके उपडे घालून भोवती पेंढा पेटवून भाजतात, ती थंडीतली पोपटी खाल्ल्याखेरीज या भागाची ओळख अपुरी राहते.

कातकऱ्यांना या शेतीच्या समृद्धीचा वाटा कधी मिळाला नाही. खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा त्यांचा धंदा जंगल कायद्याने आवळला गेला, आणि दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर जायचे व पावसाळ्याच्या तोंडी परतायचे, हे चक्र अनेकांच्या नशिबी आले.

धार्मिक जीवनात ग्रामदेवता जोगेश्वरीचे स्थान पहिले. तिची पालखी गावातून फिरते. पालीचा बल्लाळेश्वर जवळच असल्याने यात्रेकरूंचा राबता असतो. कोकणी मुसलमान शाफिई पंथाचे असून त्यांची बोली मराठीचेच कोकणी वळण आहे. १९२७ च्या महाड सत्याग्रहाने जागृत झालेल्या महार समाजाने १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. पेण, रोहा-अष्टमी व चौलच्या पट्ट्यात बेने इस्राएल लोकही पिढ्यान्‌पिढ्या नांदले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. एलियाहू पैगंबराच्या नावे मलिदा करणारी ही मराठी बोलणारी मंडळी आधी मुंबईस आणि १९४८ नंतर बहुतांशी इस्राएलला गेली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही आडनावे मात्र त्यांनी बरोबर नेली.

जुलै १९८९ च्या अंबेच्या महापुराने जांभूळपाड्याबरोबर नागोठण्याचीही दाणादाण उडवली. त्याच सुमारास इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा वायुभंजन (गॅस क्रॅकर) प्रकल्प येथे उभा राहिला. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यात झालेल्या स्फोटाने तीसहून अधिक माणसे दगावली. पुढे हा प्रकल्प रिलायन्सकडे गेला. पनवेल-रोहा लोहमार्ग व मुंबई-गोवा महामार्ग यांनी गावाचा व्यापार खुष्कीवर ओढून नेला, जवळच्या वाकण फाट्याला रहदारीचे महत्त्व आले, आणि खाडीतली मालवाहतूक खाली धरमतरला, डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा व खनिज आणणाऱ्या बार्जेसच्या धक्क्यावर, जाऊन स्थिरावली.