कॉफीचा छोटा घाणा

चकलीची भाजणी करताना आपण तांदूळ, डाळी, धने सगळं एकदम कढईत टाकत नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि थोडा थोडा भाजतो. कढई भरली की खालचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कॉफीच्या बियांचंही असंच आहे. तरी हे साधं शहाणपण कॉफीच्या धंद्यात एकदा मागे पडलं आणि शंभर वर्षांनी परत आलं. आज त्याचीच गोष्ट.

कॉफीचं माहेर आफ्रिकेतला इथिओपिया देश. तिथे पाहुणे आले की घरातली बाई कच्च्या, हिरवट बिया धुऊन निखाऱ्यावरच्या तव्यात भाजते. धूर येऊ लागला की तवा सगळ्यांसमोर फिरवते आणि पाहुणे तो वास घेतात. मग बिया कुटून मातीच्या सुरईत कॉफी उकळते. ती तीन वेळा वाढतात. पहिल्या खेपेला अबोल, दुसरीला तोना आणि तिसरीला बरका म्हणतात. त्या वेळेपुरत्या मूठ-दोन मूठ बिया, एवढाच तो घाणा.

अमेरिकेतही १८६० च्या सुमारापर्यंत लोक कच्च्या बिया आणून घरच्या चुलीवर भाजत. पण रोजच्या कामाच्या धबडग्यात लक्ष हटलं की बिया करपत, आणि थोड्या करपल्या तरी सगळी कॉफी कडू होई. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स यांनी भाजण्याच्या नव्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यातल्या बिया आचेवरून पिंप न उतरवता बाहेर काढता येत. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या आर्बकल बंधूंनी भाजलेली कॉफी कागदी पुड्यांत विकायला सुरुवात केली. बिया टिकाव्यात म्हणून ते त्यांवर अंडं आणि साखरेचा लेप देत. बायकांचं एक काम वाचलं, हे खरंच. त्यांनी पुडा आनंदाने घेतला, यात नवल नाही.

पण त्याची किंमतही मोजावी लागली. कच्ची बी नीट ठेवली तर कित्येक महिने टिकते. भाजलेली बी मात्र काही आठवड्यांत वास सोडते आणि दळलेली त्याहूनही लवकर. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून घरात येईपर्यंत कॉफी शिळी होऊ लागली. ताज्या कॉफीची चव कशी असते, हे लोक हळूहळू विसरले.

ती आठवण करून देणाऱ्यांपैकी एक होते आल्फ्रेड पीट. हॉलंडमध्ये त्यांच्या वडिलांचा कॉफी भाजण्याचा व्यवसाय होता. १ एप्रिल १९६६ रोजी पीट यांनी अमेरिकेत बर्कली गावी छोटं दुकान काढलं. थोड्या बिया भाजायच्या आणि ताज्या असतानाच विकायच्या, ही त्यांची रीत. लोक रांगा लावू लागले.

दुसरं नाव एर्ना क्नुटसन यांचं. नॉर्वेत जन्मलेल्या या बाई सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कॉफी व्यापाऱ्याकडे सेक्रेटरी होत्या. कॉफी चाखून पारखायच्या खोलीत तिथल्या पुरुषांना बाई नको होती. तरी त्या चाखायला शिकल्याच. मोठ्या कंपन्या ज्या थोड्या पोत्यांकडे ढुंकूनही पाहत नसत, तो उत्तम माल त्या लहान भाजणाऱ्यांना विकू लागल्या. अशा कॉफीला त्यांनी १९७४ मध्ये 'स्पेशालिटी कॉफी' म्हटलं. आज हे नाव जगभर चालतं. पुढे त्या ती कंपनी विकत घेऊन मालकीण झाल्या.

मग छोट्या घाण्यात असं काय असतं? पहिला फायदा, लागेल तेवढंच भाजायचं, म्हणजे माल शिळा होत नाही. दुसरा, बिघडलं तर एकच घाणा बिघडतो, अख्खं पोतं नाही. तिसरा, भाजणारीचे नाक, कान, डोळे बियांजवळ असतात. बी आधी पिवळी होते, मग तपकिरी, आणि मग लाहीसारखी तडतडते. त्या आवाजानंतर काही सेकंदांतही चव बदलते. उतरवल्यावर बिया पसरून वारा घालावा, नाहीतर त्या स्वतःच्याच उष्णतेने भाजत राहतात. चौथा, प्रत्येक बागेच्या बियांना सोसेल तशी आच देता येते.

तोटेही सांगायला हवेत. वेळ आणि जळण जास्त लागतं. दोन घाणे एकसारखे उतरवणं कठीण जातं. धूर होतो, म्हणून जागा मोकळी हवी. शिवाय एक किलो कच्च्या बियांच्या साधारण ८०० ते ८५० ग्रॅम भाजलेल्या बिया होतात. ही तूट भावात धरली नाही तर मेहनत फुकट जाते.

आपल्या राज्यात मेळघाटातल्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते. कच्च्या मालापेक्षा भाजलेल्याला भाव जास्त मिळतो. तो वाढीव पैसा कुणाच्या हातात जाणार, हे भाजतं कोण यावर ठरतं. तुमचा गट कॉफी करत नसेल, पण मसाला, भाजणी, शेंगदाणे तर करतो ना? मोठ्या यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी एक महिना वही ठेवून बघा. प्रत्येक घाण्याचं कच्चं वजन, भाजल्यानंतरचं वजन, लागलेला वेळ आणि जळण लिहा. मग पुढच्या बैठकीत वही मधोमध ठेवा आणि यंत्राचं काय ते सगळ्या मिळून ठरवा.