मानसशास्त्रज्ञांची आचारसंहिता कशी घडली

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची स्थापना १८९२ मध्ये झाली, पण तिची पहिली लेखी आचारसंहिता निघायला १९५३ साल उजाडले. सभासद प्रामुख्याने प्राध्यापक आणि संशोधक असल्यामुळे तिची निकड फारशी भासली नव्हती. १९३८ मध्ये नीतिविषयक समिती नेमली गेली. तिच्यापुढे तक्रारी येत, पण निवाड्यासाठी लेखी नियम नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या उपचारांसाठी मानसशास्त्रज्ञांची मोठी गरज निर्माण झाली आणि प्रयोगशाळेतला अभ्यासक रुग्णासमोर बसू लागला.

१९४७ मध्ये एडवर्ड टोलमन यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती बसली. पुढे निकोलस हॉब्ज यांनी ते काम तडीस नेले. समितीने चार जाणत्यांकडून नियम लिहून घेतले नाहीत. तिने सुमारे ७,५०० सभासदांना पत्रे पाठवून विचारले: नीतीचा पेच पडला असा कोणता प्रसंग तुमच्यावर आला, आणि तुम्ही काय केले? मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनागन यांनी युद्धकाळात वैमानिकांच्या अभ्यासासाठी वापरलेली ही पद्धत होती. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले गुपित, चाचण्यांचा गैरवापर, विद्यार्थ्याच्या संशोधनाचे श्रेय अशा प्रसंगांतून नियम वर आले. व्यवसाय करणाऱ्यांच्या खऱ्या अडचणींवर उभी राहिलेली संहिता म्हणून तिचे मोल मोठे आहे.

त्यानंतर तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १९९२ मध्ये दिशा दाखवणारी तत्त्वे आणि बंधनकारक नियम वेगळे करण्यात आले. २००२ च्या आवृत्तीत मात्र एक घातक पळवाट राहिली: संहिता आणि कायदा किंवा शासकीय आदेश यांच्यातील संघर्ष मिटलाच नाही, तर मानसशास्त्रज्ञाला आदेश पाळण्याची मुभा होती. त्याच काळात अमेरिकी लष्कर आणि गुप्तचर यंत्रणा कैद्यांच्या क्रूर चौकशीत मानसशास्त्रज्ञांची मदत घेत होत्या. ज्या शास्त्राने माणसाचे दुःख हलके करायचे, त्याचा उपयोग माणूस मोडण्यासाठी झाला. आदेशाचे निमित्त करून मानवी हक्कांचा भंग समर्थनीय ठरवता येणार नाही, अशी दुरुस्ती २०१० मध्ये झाली. त्याआधी सभासदांनी वर्षानुवर्षे विरोध केला होता.

वकील डेव्हिड हॉफमन यांच्या या प्रकरणावरील २०१५ च्या अहवालाने संस्थेतील काही पदाधिकाऱ्यांचे संरक्षण खात्याशी संगनमत असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरांटोच्या बैठकीत संस्थेच्या परिषदेने राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकश्यांमध्ये मानसशास्त्रज्ञांनी भाग घेऊ नये, असा ठराव जवळजवळ एकमताने मंजूर केला.