खोडलेल्या नोंदीचा पुरावा

गेली पंचवीसेक वर्षे मी रोहे-पेण भागातली जुनी घरगुती दप्तरे वाचतो आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचे. मोडी शिकलो ती एका निवृत्त कारकुनांच्या ओट्यावर बसून, आणि पुढे स्वतःच्या चुकांतून. या लेखातले साधन मात्र कागदाचे नाही. ते आहे एका छोट्या संगणकातली नखाएवढी चिप. ती वाचताना दप्तरे वाचण्याची जुनी सवय जितकी उपयोगी पडली, तितकी संगणकाची माहिती पडली नाही. म्हणून हे लिहितो.

पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीलगत खारेपाट पसरला आहे. खाडीचे पाणी बांधाने अडवून केलेली ही भातशेती. बांधात उघाडी असते. तिची दारे ओहोटीला उघडून आतले पावसाचे पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला मिटतात. बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे जमीन पीक देत नाही. १९४८चा मुंबई खारजमीन कायदा आणि नंतरचा १९७९चा महाराष्ट्राचा कायदा या बांधांसाठीच झाले.

तिथल्या एका स्नेह्यांच्या शेतात, उघाडीच्या आतल्या अंगाला, मी आणि माझ्या भाच्याने हौसेने एक यंत्र बसवले होते. जुन्या राउटरमधला संगणक, पाण्याची उंची मोजणारा सेन्सर, सौर पट्टी आणि बॅटरी. दर दहा मिनिटांनी एक नोंद. मागच्या पावसाळ्यात बांधाला खांड गेली. पंचनामा उशिरा झाला. त्यात अमावास्येनंतरच्या पाचव्या दिवसाची, मोठ्या पावसाची तारीख पडली. अर्थ असा की शेत पावसाच्या पाण्याने बुडाले. स्नेह्यांचे म्हणणे होते की पाणी खाडीचे होते आणि ते आधीच आले होते. वहिनी म्हणाल्या, “दिव्यांच्या अवसेला संध्याकाळी दिवे लावले, आणि रात्री पाणी शिरलं. मला पक्कं आठवतंय.” आठवणीला कागदाचा आधार हवा होता.

गोकुळाष्टमीला आम्ही यंत्र काढून आणले. फाइल उघडली तर तीत शेवटच्या चौदा दिवसांच्याच नोंदी, आणि त्यांवर कित्येक वर्षांपूर्वीच्या तारखा. दोष आमचाच होता. राउटरच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते. ढगाळ दिवसांत वीज संपली की यंत्र बंद पडे. पुन्हा सुरू झाले की घड्याळ ठरावीक जुन्या तारखेवर जाई. आमचा प्रोग्रॅम त्या तारखेच्या नावाची फाइल उघडी आणि आधीची त्याच नावाची फाइल रिकामी करून नव्याने लिही. भाचा म्हणाला, “मामा, मागचं गेलं. सगळं पुसून नव्याने बसवू.” मी त्याला थांबवले. दप्तरात ‘गेलं’ हा शब्द मी सहसा लगेच मान्य करत नाही.

इथे या चिपचा थोडा इतिहास सांगायला हवा. १९६७मध्ये बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी ‘तरंगते द्वार’ मांडले. चहूबाजूंनी निरोधक थर असलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवायचे. वीज गेली तरी ते तिथेच राहतात. जपानमध्ये तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी त्यावरून नवी स्मृती घडवली आणि १९८४मध्ये ती जगापुढे ठेवली. तिचा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा वाटला म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले.

या स्मृतीचा स्वभाव पाटीसारखा आहे, पण विचित्र पाटीसारखा. कोऱ्या जागी सगळीकडे १ असतो. लिहिणे म्हणजे काही १चे ० करणे. मात्र एका ०चा पुन्हा १ करायचा तर तेवढाच पुसता येत नाही. अख्खा ठोकळा पुसावा लागतो. आमच्या चिपमध्ये असा ठोकळा ६४ किलोबाइटांचा होता. शिवाय प्रत्येक पुसण्याने ठोकळा झिजतो. अशा चिपचा एक ठोकळा साधारण १,००,००० वेळा पुसता येतो. तेव्हा एकाच जागी खोडून पुन्हा लिहिण्याची संगणकाची नेहमीची रीत इथे चालत नाही.

यावरचा उपाय वाणिज्याच्या विद्यार्थ्याला अनोळखी वाटणार नाही. १९९९मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्सने ‘जर्नलिंग फ्लॅश फाइल सिस्टीम’ तयार केली. २००१मध्ये रेड हॅटच्या डेव्हिड वुडहाउस यांनी तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती, जेएफएफएस-२, लिहिली. जर्नल म्हणजे आपली रोजकीर्द. झालेला प्रत्येक व्यवहार ओळीने लिहीत जायचा, मागची ओळ बदलायची नाही; दुरुस्ती असेल तर तीही नवी नोंद. खतावणी चिपवर नसतेच. संगणक सुरू झाला की तो सगळी रोजकीर्द वाचतो आणि कोणत्या फाइलचे आज काय आहे, याची खतावणी आपल्या चालू स्मृतीत मांडतो. त्यामुळे मोठ्या चिपवर सुरुवातीला फार वेळ लागू लागला. पुढे नोकिया आणि हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठाने तयार केलेली, २००८मध्ये लिनक्समध्ये आलेली यूबीआयएफएस खतावणीही चिपवरच ठेवते, ती याच कारणाने.

या पद्धतीत फाइल रिकामी करणे म्हणजे ‘फाइलची लांबी आता शून्य’ अशी एक नवी नोंद करणे. आधीच्या नोंदी रद्द होतात. आमच्यासारख्या चिपवर रद्द करणे म्हणजे नोंदीच्या माथ्यावरचा एक बिट १चा ० करणे. चोपड्यातल्या रकमेवर आडवी रेघ मारण्यासारखेच हे. रेघेखालचा आकडा वाचता येतो.

तो कायम राहत नाही, हेही खरे. कोरी जागा कमी झाली की मागची आवराआवर सुरू होते. रद्द नोंदींनी भरलेला ठोकळा निवडायचा, त्यातल्या चालू नोंदी पुढे उतरवायच्या आणि ठोकळा पुसायचा. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून शंभरात एखाद्या वेळी चांगला भरलेला ठोकळाही मुद्दाम निवडतात. ही आवराआवर संगणक चालू असताना पडद्याआड होत राहते. म्हणजे यंत्र नेहमीसारखे सुरू करून ‘बघू या’ म्हणणेच धोक्याचे होते. मूळ कागद हाताळण्याआधी नक्कल, हा नियम इथेही लागू पडला. भाच्याने फाइल सिस्टीम जोडू न देता चिपचा बिटागणिक उतारा काढला. पुढचे सगळे काम त्या उताऱ्यावर झाले.

जेएफएफएस-२मध्ये प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर सोळाच्या पायावर मांडलेला १९८५ हा खुणेचा आकडा असतो. तो साल म्हणून वाचायचा नाही. नोंद इथे सुरू होते, एवढेच तो सांगतो. त्यामागे फाइलचा क्रमांक, आवृत्तीचा क्रमांक, वेळ, लांबी आणि ताळा. आम्ही ती खूण शोधत गेलो आणि शेकडो रद्द नोंदी सापडल्या. ज्यांचा ताळा जुळला नाही त्या सोडून दिल्या. आतला मजकूर दाबून भरलेला असतो, तो भाच्याने एकेक करून सोडवला.

राहिला प्रश्न तारखांचा. वेळ खोटी होती, पण आवृत्तीचा क्रमांक खरा होता. तो दर नोंदीला वाढतो. घड्याळ मागे गेले तरी तो मागे जात नाही. साल नसलेली पत्रे आपण मजकुरातल्या संदर्भांवरून लावतो. इथे क्रम आयता मिळाला. त्या क्रमाने लावल्यावर शेवटच्या चौदा दिवसांच्या आधीचा एक सलग तुकडा हाती आला.

त्यात आधी भरतीच्या वेळी आतले पाणी इंच-दोन इंच चढते. उघाडी मिटलेली असते आणि पाऊस चालू असतो, म्हणून. मग एका भरतीला ते एकदम हातभर चढले आणि ओहोटीला उतरले. पुढच्या भरतीलाही तसेच. बाहेरची खाडी आत आली होती. दोन दिवस भरत्या वाढत गेल्या, मग रोज घटू लागल्या, आणि सहाव्या दिवशी बॅटरी संपली.

कोकणातल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. शेवटचा चौदा दिवसांचा तुकडा आम्ही यंत्र उचलले त्या क्षणी संपतो, म्हणून त्याची सुरुवात मोजून सापडते: श्रावण शुद्ध नवमीच्या आसपास, भांगात. आधीचा तुकडा भांगाच्या तोंडावर तुटतो. मधले अंतर दोनेक दिवसांचे, नाहीतर त्यात आणखी एक पंधरवडा मिळवून. म्हणजे खांड गेली ती आषाढी अमावास्येला, किंवा त्याआधीच्या गुरुपौर्णिमेला.

या दोनांपैकी कोणती, हे चिप सांगू शकत नाही. ते वहिनींच्या दिव्यांनी सांगितले. पण पंचनाम्यातल्या तारखेला हे उधाण बसत नाही, हे चिप ठामपणे सांगते.

मी तिथीवार तक्ता केला, कुठे ताळा जुळला नाही आणि कुठे अनुमान आहे तेही लिहिले, आणि स्नेह्यांनी तो अर्जाला जोडला. निर्णय अजून आलेला नाही. खांड गावानेच मातीने बुजवली आहे. त्या शेतात या वर्षी भात लावलेले नाही.

यंत्र पुन्हा बसवले आहे. घड्याळाला स्वतःची छोटी बॅटरी दिली आणि प्रोग्रॅम आता कोणतीच फाइल रिकामी करत नाही. जुनी चिप मात्र मी भाच्याला परत दिली नाही. ती कागदाच्या पुडीत गुंडाळून, पुडीवर तिथी घालून, माझ्या मोडी रुमालांशेजारी ठेवली आहे.